छत्तिसाव्या मण्यावरची पिन

सरोजिनी निमकरची सही काही फार सुरेख नव्हती. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीवर बाई जसं नाव घालायला लावत, तशी सरळ, गोल, एकेक अक्षर सुटं. सही इंग्रजीत, पण वळण मराठीचं. मात्र ती झाल्याशिवाय कंपनीतून एकही खोका बाहेर जात नसे. इंजिनियर उपग्रह बनवत, मोठे साहेब ते विकत, आणि चाचणीच्या कागदावर अगदी तळाला ‘चाचणी घेणारी व्यक्ती’ अशा चौकटीत ही सही पडली, की गुणवत्ता बघणाऱ्या मिसेस लिम शिक्का मारत. नऊ वर्षांत त्या चौकटीपाशी ती एकदाच अडली. त्याच वेळची ही हकीकत.

कंपनी सिंगापूरच्या उबी भागातल्या एका औद्योगिक इमारतीत, चौथ्या मजल्यावर. खाली गाड्या रंगवायचं गॅरेज, वर बिस्किटांचं गोदाम. लिफ्टमध्ये सकाळी रंगाचा वास यायचा आणि दुपारी लोण्याचा. उपग्रह म्हणजे लोकांना वाटतं तसं अवाढव्य काही नाही. छोट्या फ्रिजएवढा खोका, दोन बाजूंना घडी घातलेले सौरपंख, पोटात एक कॅमेरा आणि एक वायूची टाकी. रॉकेटवाले तो दुसऱ्यांच्या सामानाबरोबर वर नेतात, जसं गावाकडे एसटीच्या टपावर कुणाचंही टोपलं जायचं तसं.

सरोजिनी मूळची मिरजेची. घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी होतं. समोरच्या दुकानात दिवसभर तंबोऱ्यांच्या जवाऱ्या लावायचं काम चाले. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, छेडायचं, पुन्हा सरकवायचा. लहानगी सरोजिनी ओट्यावर बसून अभ्यास करायची आणि न बघता सांगायची, आता लागली, आता नाही लागली. तेवढं सोडलं तर तिला संगीतातलं काही येत नव्हतं. मराठी शाळेतून दहावी, मग डिप्लोमा, मग श्रीनिवासशी लग्न. तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, ती सिंगापूरला आली. यिशुनला एका खोलीत भाड्याने राहत होते तेव्हा वुडलंड्सच्या एका कारखान्यात तिने सहा वर्षं व्हॉल्व्ह जोडले. बोटाच्या पेराएवढे व्हॉल्व्ह, दिवसाला दोनशे. जोडायचा, हवा सोडायची, कानाशी धरायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. इंग्रजी तिला कामापुरतंच आलं, पण व्हॉल्व्ह पुरता आला. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, सेंगकांगला स्वतःचा फ्लॅट झाला, मुलगी जाई झाली, आणि ही नोकरी लागली.

तिच्याजवळ एक तुळशीची माळ होती, आईने दिलेली. घरातून निघाली की एलआरटी या छोट्या लोकलमध्ये आणि पुढे एमआरटी या मेट्रोत ती गोमुखीत हात घालून नाम घेई. गोमुखी म्हणजे माळेची कापडी पिशवी; बाहेरून बघणाऱ्याला वाटावं बाईने मोबाईल धरलाय. कुणाला सांगितलं नाही, लपवलंही नाही. माळ ओढताना टोकाचा मोठा मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं, आणि झालेल्या माळा डाव्या हाताच्या पेरांवर मोजायच्या, हे आईनेच शिकवलेलं.

कंपनीत तिचं सगळ्यात निवांत काम म्हणजे टेबलाची चाचणी. एका बंद खोलीत ग्रॅनाईटचं गुळगुळीत टेबल, त्यावर हवेची पातळ गादी, आणि त्या गादीवर उपग्रह तरंगता ठेवलेला, म्हणजे वर असल्यासारखा कशालाच न चिकटता वळेल. दोन तास कुणी तरी जवळ बसायला हवं. हलायचं नाही, कारण चालण्याच्या वाऱ्यानेसुद्धा तो ढळतो. मोबाईल बाहेर ठेवायचा. तरुण मंडळींना ही शिक्षा वाटे. सरोजिनी आनंदाने बसे. गोमुखी कामाच्या कोटाच्या खिशात असे.

आता त्या उपग्रहाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कॅमेऱ्याचं तोंड नेमकं जमिनीकडे राहावं म्हणून उपग्रहाच्या कोपऱ्यांवर वायूच्या बारीक तोट्या होत्या. डावीकडे कलला तर उजवीकडची फुंकर मारते, उजवीकडे गेला तर डावीकडची. प्रत्येक तोटीला एक व्हॉल्व्ह, आणि या व्हॉल्व्हला अर्धंमुर्धं ठाऊक नाही. उघडला तर पूर्ण, मिटला तर पूर्ण. निमकरांच्या घरातला जुना एसी असाच होता: खोली गारठली की बंद, उकडलं की धाडकन चालू, आणि श्रीनिवास झोपेत पांघरूण ओढतोय नि फेकतोय. वर तर घर्षण नाही. एक फुंकर बसली की उपग्रह वळतच राहतो, उलट फुंकर बसेपर्यंत. लहानात लहान फुंकरही गरजेपेक्षा जरा जास्तच. म्हणून तो कधी ठाम उभा राहत नाही. या कडेवरून त्या कडेला झुलत राहतो आणि प्रत्येक कडेला थोडा वायू खर्चतो.

म्हणून मधे मोकळी पट्टी ठेवतात. एवढं इकडेतिकडे चालेल, तेवढ्यात व्हॉल्व्हने तोंड घालायचं नाही. पट्टी रुंद ठेवली तर फोटो हलतात. अरुंद ठेवली तर वायू भराभर जातो आणि व्हॉल्व्ह झिजतात. या खेपेचं गिऱ्हाईक पामतेलाच्या बागांचे फोटो काढणार होतं, त्यांना झाडन्‌झाड वेगळं दिसायला हवं होतं. पट्टी अरुंद ठेवली गेली. तरी वायू तीन वर्षं पुरेल असा हिशेब क्षितिजने मांडला होता, आणि करारातही तीन वर्षंच होती.

क्षितिज पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, बिशानला तिघांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. उपग्रहाला कधी कुठली फुंकर मारायची ती सगळी बुद्धी त्याने लिहिलेली. स्वतः लिहिलेला हा त्याचा पहिलाच उपग्रह. सरोजिनीला तो काकू म्हणे, आणि दर गुरुवारी तिच्या उपासाच्या खिचडीतला अर्धा वाटा हक्काने घेई. त्याचा पास चार महिन्यांनी संपत होता. उपग्रह वर गेला की नवा पास मागू, असं साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. शनिवारी खोका विमानतळावर जाणार होता. त्या रॉकेटवरची जागा चुकली तर पुढची पाच महिन्यांनी.

शेवटची चाचणी गुरुवारी सकाळी झाली. सुरुवातीला पंख मिटलेले होते. सरोजिनी खुर्चीवर टेकली आणि तिने माळ हातात घेतली. मोजायचं असं मनात मुळीच नव्हतं. पण खोलीत दुसरा आवाज नाही, व्हॉल्व्ह टिकटिकतोय, आणि नाम आपोआप त्या आवाजावर पडायला लागलं. एक टिक, एक नाम, एक मणी. काही वेळाने क्षितिज पंख उघडायला आला. त्याला पंखांची कडी धरून द्यायला ती उठली, तेव्हा जप मोडू नये म्हणून तिने कोटाच्या आतली सेफ्टी पिन काढून चालू मण्यावर अडकवली. पंख उघडले, क्षितिज गेला, ती परत बसली. मग टिका भराभर येऊ लागल्या. टिक-टिक. थोडं थांबून पुन्हा टिक-टिक. ती तशाच भराभर मणी ओढत राहिली. दोन तास संपले तेव्हा अकरा माळा आणि वर वीस मणी झाले होते.

यंत्राच्या पडद्यावर व्हॉल्व्ह उघडल्याचा आकडा होता सहाशे बावीस.

तिने दोनदा वाचला. मग फॉर्म भरला, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, आणि शेरा लिहायच्या जागेत लिहिलं की यंत्र सहाशे बावीस म्हणतंय, कानाने अकराशे वीस ऐकू आले, बघून घ्यावं. सहीची चौकट कोरी ठेवली.

तासाभरात मिसेस लिमनी दोघांना बोलावलं. मिसेस लिम साठीच्या, बारीक, चष्मा साखळीला टांगलेला. कागदावर खाडाखोड दिसली तरी त्यांचं डोकं दुखे. त्यांनी विचारलं, कानाने ऐकलेला आकडा एवढा नेमका कसा? सरोजिनीने क्षणभर विचार केला आणि गोमुखीतून माळ काढून टेबलावर धरली. क्षितिजने मान खाली घातली. साहेबांच्या कानावर हे गेलं तर काय होईल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

मिसेस लिमना मात्र नवल वाटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मनगटात लाकडी मण्यांची माळ होती, आणि आईची मोठी माळ घरी होती. त्यांनी एवढंच विचारलं की मणी एकशे आठच ना, आणि मोठा मणी धरता की सोडता. सोडते, ती म्हणाली. मग अकरा माळा नि वीस, म्हणजे अकराशे वीस कसे?

सरोजिनीच्या ध्यानात आलं आणि तिचे कान तापले. लहानपणापासून एक माळ म्हणजे शंभरच धरायची; वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या नामांसाठी सोडून द्यायचे. ते तिच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की फॉर्मवरही तोच हिशेब उतरला. तिने तसं सांगितलं.

मिसेस लिमनी चष्मा लावला. “तुमच्या देवाला आठांची सूट चालत असेल, माझ्या फॉर्मला चालत नाही,” त्या म्हणाल्या आणि आकडा स्वतः करून लिहिला. बाराशे आठ.

“बघा,” क्षितिज इंग्रजीत म्हणाला, आणि मग काकूंकडे वळून मराठीत, “काकू, उघडताना एक आवाज होतो, मिटताना एक. तुम्ही दोन्ही मोजलेत. बाराशे आठचे निम्मे सहाशे चार. यंत्राचे सहाशे बावीस. मधल्या अठरांना तुम्हाला डुलकी लागली असेल.”

बोलणं बिनतोड होतं. अकराशे विसाचे निम्मे केले असते तर बासष्टचा फरक पडला असता. स्वतःची चूक कबूल करून सरोजिनीने त्याचीच बाजू बळकट केली होती. ती म्हणाली की या व्हॉल्व्हचं उघडणं-मिटणं इतकं झटकन होतं की कानाला एकच आवाज येतो. सहा वर्षं कानाशी धरलेत. क्षितिज म्हणाला, ते व्हॉल्व्ह वेगळे, हे वेगळे. तेही खोटं नव्हतं. मिसेस लिमनी निकाल दिला: उद्या दहापर्यंत सही तरी करा, नाहीतर न करण्याचं कारण लिहून द्या. डुलकी आणि कान, दोन्ही कारणं चालणार नाहीत.

त्या दुपारी क्षितिज खिचडीला आला नाही. डबा धुवायला ती पँट्रीत गेली तेव्हा तो कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. त्याने सावकाश बोलायचा प्रयत्न केला. म्हणाला, आकडे जुळतायत, गिऱ्हाईक खूश आहे, साहेब खूश आहेत, माझ्या पासचं तुम्हाला माहीतच आहे. आणि मग जरा हसून, “काकू, वर कुणी कान लावून बसलेलं नसतं हो.”

“म्हणून तर इथं बसायचं,” ती म्हणाली. पण मनातून ती खात्रीची नव्हती. डुलकी लागली नव्हती हे तिला ठाऊक होतं, ते दाखवणार कसं?

संध्याकाळी घरी तिने हे सगळं श्रीनिवासला सांगितलं. त्याचा प्रश्न भलताच होता: या व्हॉल्व्हला पंख्यासारखा रेग्युलेटर का नाही बसवत? थोडं हवं तर थोडं, जास्त हवं तर जास्त. तिने सांगितलं की अर्धवट उघडा राहणारा व्हॉल्व्ह गळतो, त्यात कचरा अडकतो, जड असतो, महाग असतो. वर दुरुस्तीला कुणी जात नाही, म्हणून साधा बरा. साध्याचे हे असे भोग. श्रीनिवास म्हणाला, मग सही करून टाक, तुझं काम तू लिहून दिलंस. जाई पॉलिटेक्निकच्या अभ्यासातून डोकं न काढता म्हणाली, “आई, just sign lah. मशीन मोजतंय ना?”

“मशीनला कोण मोजतं?” सरोजिनी म्हणाली. पण हे वाक्य नुसतं बोलायला बरं होतं, फॉर्मवर लिहिण्याजोगं नव्हतं.

देवापाशी दिवा लावताना तिने मागितलं काहीच नाही. तिची तशी सवय नव्हती. फक्त नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंगकांगच्या एलआरटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. शाळेची मुलं चढली, उतरली. तिने गोमुखीत हात घातला, जप सुरू केला, आणि काही मण्यांनंतर बोटाला पिन लागली.

काल ती काढायची राहून गेली होती. खरं तर काल अकराही माळांत ती बोटाला लागत होती आणि बोट तिला वळसा घालून पुढे जात होतं. सरोजिनीने ती काढायला चिमटीत धरली आणि तशीच थांबली. पिन लावली तेव्हा पंख उघडले. म्हणजे मेरुमण्यापासून या पिनेपर्यंतचे मणी पंख उघडायच्या आधीचे. आणि त्या आधीच्या टिका संथ होत्या. एकेकट्या. टिक. थांबून टिक. जोडीने येऊ लागल्या त्या पंख उघडल्यावर.

ती ज्या बाजूने सुरू करते त्या बाजूने मणी मोजले. छत्तीस.

मग तिने पर्समधून एनटीयूसीच्या दुकानाची पावती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. क्षितिजचं खरं धरू. दरवेळी दोन आवाज होतात असं धरू. मग सहाशे बावीसचे दुप्पट, बाराशे चव्वेचाळीस ऐकू यायला हवे होते. आले बाराशे आठ. कमी पडले ते अठरा नव्हेत. छत्तीस. जेवढे मणी पिनेच्या आधी तेवढेच.

म्हणजे पहिल्या छत्तीस वेळा व्हॉल्व्ह उघडून मिटला आणि आवाज एकच आला. तोच व्हॉल्व्ह, तेच टेबल. मग पंख उघडल्यावरच त्याला मिटताना वेगळा आवाज कुठून फुटला? आवाज फुटला नव्हता. तो दरवेळी दोनदा उघडत होता.

तिने पिन काढली नाही. पावती घडी करून गोमुखीत ठेवली आणि स्टेशन येईपर्यंत उरलेला जप केला.

साडेआठला ती क्षितिजच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, दहा मिनिटं दे, फक्त ऐकायला चल. तो वैतागला, पण उठला. टेबलावर उपग्रह तरंगता केला, पंख मिटलेलेच ठेवले. दोघं दोन खुर्च्यांवर बसले. तिने त्याला काही सांगितलं नाही. टिक. बराच वेळ काही नाही. टिक. असं दहाबारा वेळा झालं. मग तिने खूण केली आणि त्याने पंख उघडले. परत बसले.

टिक-टिक.

क्षितिज खुर्चीत पुढे सरकला. पुन्हा टिक-टिक झालं. त्याने डावा पंख हलकेच बोटाने धरून पाहिला, जसं आपण वाजत्या भांड्यावर हात ठेवतो, आणि पुढची टिक एकटीच आली. बोट काढलं. टिक-टिक.

त्याने आणखी दोन टिक-टिक ऐकल्या. मग जे बोलला ते स्वतःशीच. पहिल्या फुंकरीने पंख थरथरतात. किती वळलो ते सांगणारं यंत्र त्या थरथरीला उपग्रहाचंच वळणं समजतं. त्याला वाटतं, अजून थांबला नाही. व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. पट्टी अरुंद, त्यामुळे एवढीशी थरथरही पट्टीबाहेर पडते. गरज नसलेली दुसरी फुंकर, दरवेळी, आणि मग तिने बिघडवलेलं सावरायला पलीकडून आणखी दोन. कॉम्प्युटरवर त्याने पंख ताठ धरले होते, फळीसारखे.

“तीन वर्षांचा वायू दीड वर्षात जाईल,” तो म्हणाला.

“आणि व्हॉल्व्ह?”

“ते त्याच्याही आधी.”

राहिला प्रश्न यंत्राच्या मोजणीचा. क्षितिजने मोजणाऱ्या यंत्राच्या आतल्या सूचना उघडल्या. एक ओळ सापडली: दोन ठोके सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आले तर एकच धरावा. दोन वर्षांपूर्वी घातलेली. शेजारी कारणही लिहिलेलं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिचंच नाव होतं.

तिला आठवलं. तेव्हा एक वायर सैल होती आणि यंत्र एकाचे दोन मोजायचं. तीन दिवस तिने कुरकुर केली होती, तेव्हा कुणी तरी ती ओळ घातली. पुढे वायर बदलली. ओळ तशीच राहिली.

“हो, मीच,” ती म्हणाली. “ते पण लिही.”

क्षितिज मोकळेपणी हसला, पण ते हसू लगेच विझलं. शनिवारचा खोका त्याच्या डोळ्यांपुढे असणार. सरोजिनीला वाटलं त्याच्या पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. कामाच्या जागी तसं बरं दिसलं नसतं, आणि त्याने काय होणार होतं?

“काकू,” तो म्हणाला, “तुम्ही काल सही केली असतीत तर कुणाला कळलंही नसतं. दीड वर्षाने म्हटलं असतं, वर काही तरी झालं.”

“तुला कळलं असतं का?”

दहाला पाच कमी असताना दोघं मिळून मिसेस लिमकडे गेले, आणि बोलला तो.

मोठ्या साहेबांच्या खोलीत त्या दिवशी दार लावून बरंच बोलणं झालं. सरोजिनीला आत बोलावलं नाही. खोका शनिवारी गेला नाही, रॉकेटवरची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली. क्षितिजला दोन गोष्टी कराव्या लागल्या. एक म्हणजे फुंकर मारल्यावर पंख निवेपर्यंत थांबायचं, मधेच वळण सांगणाऱ्या यंत्राचं ऐकायचं नाही, हे उपग्रहाला शिकवायचं. दुसरी म्हणजे पट्टी रुंद करायची आणि फोटो थोडे कमी नेमके येतील असं गिऱ्हाइकाला स्वतः पत्र लिहून कळवायचं. गिऱ्हाइकाने आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग लिहिलं की झाडन्‌झाड नको, रांगन्‌रांग दिसली तरी पुरे, पण तीन वर्षं दिसली पाहिजे. क्षितिजच्या पासचा अर्ज साहेबांनी पाठवला. उपग्रह वर जायची वाट न बघता, पण पुढच्या वेळचा भरवसा नाही असं बजावून. पास एका वर्षाचाच आला. पण क्षितिज तो सरोजिनीला दाखवायला आला नाही. तिला मिसेस लिमकडून कळलं.

नवी चाचणी पाच आठवड्यांनी झाली, तीही गुरुवारीच. यंत्रातली जुनी ओळ काढून टाकलेली होती. तरी मिसेस लिमनी सांगितलं की मागच्या फरकाची नोंद आहे, तेव्हा या वेळीही दोन्ही रीतींनी मोजायचं आणि फॉर्मवर लिहायचं. फॉर्ममध्ये एक चौकट होती: मोजणीचं साधन. तिथे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, जपमाळ. पुढची चौकट: साधन शेवटचं तपासल्याची तारीख. मिसेस लिम पेन धरून थांबल्या. ती चौकट कोरी सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग सरोजिनीने माळ हातावर घेतली आणि एकेक मणी सोडत गेली, आणि मिसेस लिम समोर बसून ओठांतल्या ओठांत चिनी भाषेत मोजत गेल्या. दोघी एकदमच मेरुमण्यापाशी आल्या. एकशे आठ. त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली.

दोन तास सरोजिनी खुर्चीवर बसली. पंख सुरुवातीपासून उघडे होते. टिका एकेकट्या येत होत्या, मधे इतकं अंतर की एक नाम सावकाश घेऊन वर थोडी शांतता उरे. संपलं तेव्हा दोन माळा आणि एक्याऐंशी मणी झाले होते. तिने शंभराने नव्हे, एकशे आठाने गुणलं, दोनदा तपासलं. दोनशे सत्त्याण्णव. पडद्यावरही दोनशे सत्त्याण्णव होते.

तिने सही केली. मिसेस लिमनी शिक्का मारला.

पँट्रीत डबा उघडला तेव्हा क्षितिज आला आणि समोर बसला. तिने झाकणात खिचडी वाढली. तो म्हणाला, शेंगदाण्याचं कूट आज कमी आहे. ती म्हणाली, पाच आठवडे उपास मोडलास ना, म्हणून तोंड बिघडलंय. एवढंच बोलणं झालं. खाऊन झाल्यावर झाकण त्याने धुतलं.

संध्याकाळी एलआरटीत बसायला जागा नव्हती. सरोजिनी दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिली. पिन तिने दुपारीच मण्यावर अडकवली होती, एक्याऐंशीव्या. अर्धी राहिलेली माळ तशी ठेवू नये म्हणतात. तिने गोमुखीत हात घातला, पिन काढून पर्सच्या पट्ट्याला लावली आणि उरलेले सत्तावीस मणी घरच्या स्टेशनपर्यंत पुरे केले.